घरच्या माणसाची शाल

नगरहून पुण्याकडे जाताना सुप्याच्या आसपास ‘हुरडा पार्टी’चे बोर्ड दिसायला लागले की मी खिडकीतून नजर काढून घेते आणि उगाच मोबाईल उघडते. बोर्डावर कणसाचं चित्र असतं, एक बैलगाडी असते, आणि ‘गावरान’ हा शब्द हमखास. ज्वारीचा दाणा चिकातून हुरड्यावर येतो आणि पुढे जेमतेम पंधरा दिवस तसा राहतो. मग तो कडक होतो, बोर्ड उतरतात, आणि मला पुन्हा खिडकीबाहेर बघता येतं. गेल्या वर्षी याच दिवसांत, एका रविवारी सकाळी, आमच्या शेतावरच्या बंगल्यात व्हायोलिनची मैफल झाली. भाजलेल्या कणसाचा वास मला तोपर्यंत आवडत असे.

या दिवसांत हवा कोरडी होते. ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि व्हायोलिनच्या खुंट्या निसटायला लागतात. लाकूड आकसतं, सुरात लावलेली तार आपोआप उतरते. त्यासाठी माझे व्हायोलिनचे सर सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा ठेवत. खुंटी काढायची, तिच्यावर खडू घासायचा, परत बसवायची. मग ती धरते. मी अकरा वर्षांची असताना हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, सर म्हणजे शाळेतले सर, म्हणून खिशात खडू. प्रत्यक्षात ते सरकारी कचेरीत कारकून होते. तरुणपणी त्यांच्या वस्तीतल्या गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. पुढे नगरमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडे जाऊन राग शिकले. कुठल्या मोठ्या स्टेजवर बसले नाहीत. मला मात्र बारा वर्षं शिकवलं. मंगळवारी मी त्यांच्या घरी जायचे, स्टेशनाजवळच्या वस्तीत. शुक्रवारी ते सावेडीला आमच्या घरी यायचे.

मी इंग्लिश मीडियमची. मराठी आम्हाला होतं, पण एका तासापुरतं. माझं मराठी अक्षर सरांनी घडवलं. आलाप, ताना, बोल, सगळं ते वहीत लिहून घेत, आणि अक्षर वाकडं आलं की म्हणत, “पोरी, सूर सरळ आणि अक्षर लंगडं, हे चालायचं नाही.” कोमल सुराखालची आडवी रेघसुद्धा पट्टीनं मारायला लावत. आज लोक माझ्या मराठी अक्षराचं कौतुक करतात. त्या अक्षरानं मी पुढे काय लिहिलं, आणि काय लिहिलं नाही, ते सांगायचं आहे.

आमच्या घरी सरांचा एक कप होता. पांढरा, निळ्या फुलांचा. दुसऱ्या कुणाला त्यात चहा मिळायचा नाही. शुक्रवारी मम्मी तो खिडकीच्या कोपऱ्यातून काढायची आणि सर गेले की धुऊन परत त्याच कोपऱ्यात ठेवायची. मी लहान होते तेव्हा मला त्या कपाचा हेवा वाटायचा. पप्पांचासुद्धा स्वतःचा कप नव्हता, सरांचा होता. “सर घरचेच आहेत ना,” मम्मी म्हणायची. सर बौद्ध आहेत आणि आम्ही जमीनवाले शेतकरी, हे मला माहीत होतं. पण त्याचा त्या कोपऱ्याशी काय संबंध, हे कळायला मला कॉलेजची वर्षं लागली. कळलं तेव्हा मी काय केलं? काही नाही. शुक्रवारी कप निघत राहिला.

त्यांच्या घरी उलटं होतं. तिथे चार स्टीलचे पेले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून ओरडायच्या, “चहा झालाय गं, घे तुझा तू.” मी स्वयंपाकघरात जायचे, हाताला लागेल तो पेला घ्यायचे, गाळणी शोधायचे. बुद्धाच्या मूर्तीसमोरची मेणबत्ती विझली असेल तर ती लावायलाही मलाच सांगायच्या. मी कमी बोलते. लोकांच्या घरात गेले की खुर्चीच्या कडेवर बसते. त्या एका घरात मी पाय पसरून बसायचे.

मैफलीची कल्पना पप्पांची. नगरला त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, आणि गावाकडे, पारनेर तालुक्यात, त्यांनी नुकताच बंगला बांधला होता. पुण्यात एका ओळखीच्यांकडे घरातच गाण्याची बैठक झाली होती, ती पाहून आले आणि चार दिवस दुसरं काही बोलले नाहीत.

“तीस-चाळीसच माणसं. खाली गादी. माईकपण बारीक आवाजात. काय शांतता! आपण करायचं. व्हायोलिनच करायचं, आपल्या पोरीचं वाद्य आहे.”

पप्पांचे थोरले भाऊ तात्या गावात शेती बघतात. ते म्हणाले, “शांतता कशाला पायजे? डीजे नको तर नको, पन मान्सं चाळीसच? गावात तोंड दाखवायचं हाय का न्हाई आपल्याला?”

चाळीसाचे दीडशे झाले. पुण्याच्या एका नावाजलेल्या वादकांना बोलावलं. हुरड्याचे दिवस, म्हणून सकाळची वेळ ठरली: नऊला वादन, साडेअकराला हुरडा, मग जेवण. आणि पप्पांनीच सुचवलं की पाहुण्यांच्या आधी वीस मिनिटं सरांनी आणि मी वाजवायचं.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते व्हायोलिनच्या गजाला रोझिन, म्हणजे राळ, लावत होते. हात थांबला. “तुझ्या पप्पांनी स्वतः सांगितलं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते आत गेले आणि काकूंना काहीतरी हळू आवाजात सांगून आले. मग म्हणाले, “अहिर भैरव घेऊ. नऊची वेळ आहे, उन्हं तिरकी असतील, बरोबर बसेल.”

दोन महिने आम्ही अहिर भैरव वाजवला. मंगळवारी, शुक्रवारी, मग रविवारीसुद्धा. सरांचा कोमल रिषभ मी कधीच विसरणार नाही. तो सूर ते लगेच देत नसत. षड्जावरून बोट घसरत वर जायचं, रिषभाच्या उंबऱ्याशी थांबायचं, आणि मग आत शिरायचं. माझा रिषभ नेहमी घाईत यायचा. “तुला पोचायची घाई,” ते म्हणायचे. “तो सूर कुठं पळून चाललाय?” काकूंनी त्यांच्यासाठी मोतिया रंगाचा नवा कुर्ता शिवून घेतला. एका मंगळवारी मला दाखवायला घडी उलगडली आणि लगेच परत घातली, मळेल म्हणून.

आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम सत्काराशिवाय सुरू होत नाही. लग्न असो, बोअरला पाणी लागलेलं असो, आधी सत्कार. आणि सत्काराला पायऱ्या असतात. वरच्याला शाल, श्रीफळ आणि फेटा. मधल्याला टोपी-टॉवेल. खालच्याला गुलाबाचं एक फूल. कुणाला काय मिळालं हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. गुलाबावर भागवलेले एक गृहस्थ सात वर्षं आमच्या दारावरून गेले, दारात आले नाहीत.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं, अक्षर चांगलं म्हणून. मैफलीच्या आदल्या गुरुवारी मी वहीच्या पानावर तीन रकाने आखले, पट्टीनं. तात्या नावं सांगत होते. कारखान्याचे संचालक, शाल. सरपंच, शाल. माजी सरपंच, “त्यालाबी शालच, आन् सरपंचाच्या लगोलग, न्हाईतर उठून जाईल.” डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, तात्यांचे व्याही. शालीचा रकाना भरत गेला. मग तात्या बाहेर फोनवर बोलायला गेले आणि मी पेन हातात धरून बसले. सरांचं नाव कुठे लिहायचं?

टोपी-टॉवेलच्या रकान्यात ते लिहिणं मला शक्य नव्हतं. शालीच्या रकान्यात लिहायला पेन टेकवलं आणि तात्यांचा आवाज कानात आला. ते काय म्हणतील, कोणत्या शब्दात म्हणतील, संचालकांच्या रांगेत कोण बसणार, हे मला ऐकू यायला लागलं. कुणी काही म्हणालं नव्हतं. मी आधीच ऐकत होते. मला ते ऐकायचं नव्हतं, आणि ऐकल्यावर काही बोलावं लागलं असतं ते तर मुळीच नको होतं. मी नाव लिहिलंच नाही. सगळ्यात सोपं तेच होतं.

रात्रीच्या जेवणाआधी पप्पांनी यादीवरून बोट फिरवलं. शेवटी बोट थांबलं.

“मास्तर कुठंयत?”

मी म्हणाले, “ते घरचेच आहेत ना.”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “हां, तेपण खरंय,” म्हणाले, आणि पान घडी करून खिशात घातलं.

रविवारी सकाळी शिवारात धुकं नव्हतं, नुसती कोरडी थंडी होती. बंगल्यासमोर फ्लेक्स लागला होता: ‘घरगुती मैफल’. त्यावर पाहुण्या वादकांचा फोटो पासपोर्टएवढा, तात्या आणि पप्पांचे मात्र छातीपर्यंत. मागच्या बाजूला खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या होत्या. सर आणि काकू पहिल्या बसनं आले. हॉलच्या कडेला गादीवर बसून सरांनी सूर लावला, खडू घासला, परत सूर लावला. उन्हं खरंच तिरकी येत होती. नव्या फरशीवर त्यांची लांब पट्टी पडली होती.

नऊला संचालक आले नाहीत. पावणेदहाला आले. मग सत्कार सुरू झाले. माईक तात्यांच्या हातात. “यांचा सत्कार यांनी स्वीकारावा आशी मी इनंती करतो.” एकेक फेटा बांधायला पाच मिनिटं. प्रत्येक शालीला फोटो, फोटोत कुणाचे डोळे मिटले म्हणून परत फोटो. अर्ध्या वाटेत नारळ संपत आले. मम्मीनं मग माणसं मागे उभी केली, आणि ज्यांचा सत्कार झाला त्यांच्या हातातून “ठेवतो मी, आसू द्या” म्हणत तेच नारळ परत पुढे येऊ लागले. एक शेंडी वाकडी असलेला नारळ मी चार वेळा पाहिला. संचालक वीस मिनिटं बोलले. संगीतामुळे उसाचा उतारा वाढतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

उन्हाची पट्टी आखडत गेली. ती सरांच्या गुडघ्यावर होती, मग फरशीवर आली, मग उंबऱ्याशी गेली. मी त्यांच्या शेजारी व्हायोलिन मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक नावाला ते टाळ्या वाजवत होते. नाव पुकारण्याआधी तात्या पानाकडे बघायचे आणि त्या क्षणी सरांची पाठ किंचित सरळ व्हायची. हे दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. मला सव्वीस वेळा दिसलं. काकू पलीकडे बायकांत बसल्या होत्या. नंतर नंतर त्या टाळ्या वाजवायच्या थांबल्या.

साडेअकराला पान संपलं. तात्या म्हणाले, “आता मास्तर आन् आमची पोरगी जरा वाजवतील, दोन-पाच मिंटं.”

सर माझ्याकडे वळले. “वेळ गेली पोरी,” ते म्हणाले. “आता अहिर भैरव नको. दुपार झाली.” मग तात्यांना हात जोडून मोठ्यानं म्हणाले, “पाहुण्यांनाच बसू द्या. लांबून आलेत.”

पाहुणे बसले. हसत म्हणाले, “तोडी घेऊन आलो होतो, पण तुम्ही लोकांनी सारंगाची वेळ केलीत.” लोक हसले. त्यांनी शुद्ध सारंग सुरू केला आणि तिसऱ्याच मिनिटाला त्यांची खुंटी सुटली. लावली, परत सुटली. पुण्याच्या हवेतलं वाद्य, इथल्या कोरड्या वाऱ्यात ते टिकेना. सर उठले, कडेकडेनं पुढे गेले, खिशातून खडू काढला. दोघांनी मान खाली घालून अर्धा मिनिट काहीतरी केलं. खुंटी धरली.

“वा!” पाहुणे म्हणाले. “आपणही वाजवता?”

“थोडंफार,” सर म्हणाले.

“पंडितजी, मास्तर आमचे घरचेच हायेत,” तात्या माईकवरून म्हणाले. “काय लागंल ते सांगा त्यास्नी.”

सारंग सुंदर झाला असावा. मला त्यातलं काही आठवत नाही. तात्यांच्या तोंडून माझंच वाक्य परत ऐकलं होतं. ते या घरात कुणाचंही वाक्य होतं. पण या वेळी ते आधी मी वापरलं होतं.

मागे आगटीजवळ हुरडा सुरू झाला. गरम कणसं तळहातावर चोळायची, कोंडा फुंकायचा, हिरवे दाणे तोंडात टाकायचे, वर लसणाची चटणी. फेटे बांधलेली माणसं सतरंजीवर बसली होती. सर कडेला उभे राहून कणीस चोळत होते. नव्या कुर्त्याच्या बाहीला राख लागली होती. मी जवळ गेले तर त्यांनी सगळी मूठ माझ्या हातावर ओतली. “घे. गरम आहे तोवर खा.” काकूंनी काही खाल्लं नाही. उपास आहे म्हणाल्या. रविवारचा उपास त्यांनी कधी धरलेला मी पाहिला नव्हता.

पुढच्या मंगळवारी मी गेले. वाटेत ठरवलं होतं की सांगायचं. यादी मी केली, पप्पांनी विचारलं होतं, मीच म्हणाले. इंग्रजीत मनात वाक्यं जुळवली होती, कारण माफी मागायला मला मराठी सुचत नाही. सर मात्र आधी बोलले.

“तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या पप्पांना काही बोलली नाहीस ना? बोलू नकोस. कामाच्या गडबडीत राहतं माणसाकडून.” गजाचे केस ताणत ते म्हणाले, “तुझ्या हातात असतं तर तू विसरली नसतीस, एवढं मला माहीत आहे. मला तेवढं पुरे. चल, मारवा काढ.”

मी मारवा काढला.

मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात. पोरगी कशी, वर मान करून बोलत नाही. या कौतुकाच्या आड मी फार आरामात राहिले. त्या दिवशी न बोलणं लाजेमुळे झालं नाही. सर जे समजून बसले होते ते मला हवंहवंसं वाटलं. पप्पा वाईट, मी चांगली. वर्षभर मी त्या समजुतीत पाय पसरून बसले, आतून स्टीलच्या पेल्यात चहा घेत.

शुक्रवारी मात्र सर आमच्याकडे यायचे बंद झाले. गुडघे दुखतात म्हणाले. निळ्या फुलांचा कप कोपऱ्यात राहिला. मम्मीनं मग त्यात कोथिंबिरीच्या काड्या ठेवायला सुरुवात केली.

या वर्षी ज्वारी हुरड्यावर आली तसे पप्पा परत मैफलीचं बोलू लागले. मी म्हणाले, यादी मी करणार नाही. ते म्हणाले, “नको. मीच केलीय.” मोबाईल पुढे केला. पहिलं नाव सरांचं होतं. त्यापुढे लिहिलं होतं: शाल, श्रीफळ, फेटा. “गेल्या वर्षीपासून टोचतंय मला. तुझ्या तात्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. चल, आपण स्वतः जाऊन आमंत्रण देऊ.”

बारा-तेरा वर्षांत पप्पा पहिल्यांदा त्या घरात आले. दारात चपला काढताना अवघडले. पेढ्यांचा बॉक्स काकूंच्या हातात दिला. काकू म्हणाल्या, “चहा टाकते.” पप्पा चटकन म्हणाले, “नको, नको, आत्ताच झाला.” झाला नव्हता. काकूंनी आग्रह केला नाही.

पप्पा मनापासून बोलत होते. “मास्तर, या वर्षी पहिला सत्कार तुमचा. गेल्या वेळी राहून गेला, ते माझ्या मनातून जाईना.”

“असू द्या हो,” सर म्हणाले. “त्यात काय.”

“नाही, म्हणजे मला तेव्हाच आठवलं होतं,” पप्पा हसत म्हणाले. “यादी बघताना मी विचारलं ना हिला, मास्तर कुठंयत? तर ही म्हणाली, ते घरचेच आहेत. काय, म्हणाली होतीस ना? सगळी यादी हिनंच केलेली. आता लेकराला काय कळतंय, मीच लक्ष द्यायला पाहिजे होतं.”

मी चोवीस वर्षांची आहे.

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या व्हायोलिनचा गज त्यांनी उचलला आणि खालचा स्क्रू फिरवत त्याचे केस ढिले केले. वाजवून झालं की गज तसा ढिला करून ठेवायचा असतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या दिवशी आम्ही अजून काही वाजवलं नव्हतं.

“बरोबरच म्हणाली,” सर म्हणाले. “घरचाच मी.”

“मग येताय ना रविवारी?”

“बघू. गुडघ्यावर आहे.”

काल मंगळवार होता. मी गेले. जाऊ नये असंही वाटलं होतं, पण न जाणं हे पुन्हा नाव न लिहिण्यासारखंच झालं असतं. दार उघडं होतं. सर नेहमीच्या जागी होते. मी सांगायला तोंड उघडलं, मराठीत, जसं येईल तसं. “सर, यादी मीच...”

“सूर लावा,” सर म्हणाले.

तासभर शिकवलं. चुका काढल्या, पण हळू आवाजात, दुसऱ्याच्या मुलीच्या काढतात तशा. माझी खुंटी दोनदा सुटली. खडूचा तुकडा त्यांनी माझ्या हातात न देता मध्ये, सतरंजीवर ठेवला.

तास संपल्यावर मी नेहमीसारखी स्वयंपाकघराकडे वळले. काकू दारातच होत्या. “बसा, बसा,” म्हणाल्या, “मी आणते बाहेर.” मी परत येऊन बसले, खुर्चीच्या कडेवर.

त्यांनी ट्रे आणला. ट्रेवर धुतलेला रुमाल होता, ताटलीत चार बिस्किटं मांडलेली होती, आणि बशीसकट एक कप होता. सोनेरी काठाचा. काचेच्या कपाटातला, पाहुण्यांसाठी ठेवलेला. इतक्या वर्षांत तो कपाटाबाहेर आलेला मी पाहिला नव्हता.

“घ्या,” सर म्हणाले.

आत काकूंनी त्या दोघांसाठी पेल्यांत चहा ओतल्याचा आवाज आला. मी तो कप उचलला. चहा चांगला होता, आल्याचा. मी तो पूर्ण प्यायले, आणि कप कुठे ठेवायचा हे न कळून हातात धरून बसले.